घरच्या कॉम्प्युटरला अँटीव्हायरस कोणता? पैसे मोजण्याआधी हे तपासा

राजुरी (ता. जुन्नर) : मुलगा किंवा मुलगी अकरावीला गेली की घरात कॉम्प्युटर घ्यायची बोलणी सुरू होतात. कुणी पुण्याहून वापरलेला लॅपटॉप आणतो, कुणी आळेफाटा किंवा नारायणगावच्या दुकानातून जोडून घेतो. मशीन ताब्यात देताना दुकानदार एक प्रश्न हमखास विचारतो, "अँटीव्हायरस टाकू का?" बहुतेक जण हो म्हणतात. काय टाकलं, किती दिवसांचं टाकलं, कुणाच्या नावावर टाकलं, हे कुणी विचारत नाही. वर्षभराने स्क्रीनच्या कोपऱ्यात लाल खूण येते, मुदत संपल्याचा निरोप रोज दिसायला लागतो आणि सवय झाली की तो बंद करून माणूस पुढच्या कामाला लागतो.

त्या कॉम्प्युटरवर असतं काय, हे आधी पाहायला हवं. दुधाचा आणि मजुरीचा हिशेब, सातबारा-आठ अ च्या पीडीएफ, महाडीबीटीच्या अर्जासाठी स्कॅन केलेलं आधार आणि पासबुक, मुलांची प्रमाणपत्रं, लग्नाचे फोटो. शिवाय ब्राउझरमध्ये बँकेचा पासवर्ड सेव्ह करून ठेवलेला. मशीन जुनं असलं तरी आतला माल मोलाचा असतो.

पेनड्राइव्ह हीच मोठी वाट

गावाकडे व्हायरस यायची नेहमीची वाट म्हणजे पेनड्राइव्ह. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला दिलेला पेनड्राइव्ह परत येतो, घरी लावला की सगळ्या फोल्डरवर छोटा बाण दिसतो. याला लोक 'शॉर्टकट व्हायरस' म्हणतात. यात खरी फोल्डरं कुठे जात नाहीत. व्हायरस त्यांना लपवतो आणि त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट ठेवतो. आपण फोल्डर समजून शॉर्टकटवर क्लिक केलं की व्हायरस चालू होतो आणि आपल्या मशीनमध्ये शिरतो. मग पुढे जो पेनड्राइव्ह लागेल त्यालाही तो धरतो.

अशा वेळी घाबरून पेनड्राइव्ह फॉरमॅट मारायची घाई करू नये. क्लिक काहीच न करता आधी 'माय कॉम्प्युटर' किंवा 'धिस पीसी' मध्ये जाऊन पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून स्कॅन द्यावं. व्हायरस निघाला की फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मधून लपवलेल्या फाइल दाखवायचा पर्याय चालू करावा. तरीही दिसल्या नाहीत तर फोल्डर ऑप्शनमध्ये सिस्टिम फाइल लपवण्याची खूण असते, ती काढावी. माल बहुतेक वेळा तिथेच सापडतो. प्रिंटसाठी वेगळा, रिकामा पेनड्राइव्ह ठेवला तर डोक्याला ताप आणखी कमी.

दुसरी वाट म्हणजे फुकटात मिळवलेली महागडी सॉफ्टवेअर. क्रॅक केलेलं हिशेबाचं सॉफ्टवेअर, फोटो एडिटिंग, नवे सिनेमे. क्रॅक टाकताना तो सांगतो की आधी अँटीव्हायरस बंद करा. तिथेच थांबायला पाहिजे. कुलूप काढून ठेवा म्हणणारा पाहुणा कशाला आलाय, हे वेगळं सांगावं लागत नाही.

विंडोजमध्येच एक आहे

विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर नावाचा अँटीव्हायरस आधीपासून असतो. त्याला वेगळे पैसे नाहीत आणि त्याची मुदतही संपत नाही. स्टार्टमध्ये 'विंडोज सिक्युरिटी' टाइप केलं की उघडतो. 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' पुढे हिरवी खूण असेल तर तो चालू आहे.

दुसरा अँटीव्हायरस टाकला की डिफेंडर आपोआप बाजूला होतो. गडबड होते ती इथे. दुकानदाराने टाकलेल्या अँटीव्हायरसची मुदत संपते, तो नुसता नावाला बसून राहतो आणि आपल्याला वाटतं संरक्षण आहे. अशा वेळी एक तर मुदत वाढवावी, नाही तर तो कंट्रोल पॅनलमधून काढून टाकावा. काढला आणि मशीन रीस्टार्ट केलं की डिफेंडर परत कामाला लागतो. तरी एकदा हिरवी खूण पाहून घ्यावी. दोन-दोन अँटीव्हायरस एकत्र टाकू नयेत. ते एकमेकांनाच अडवत बसतात आणि मशीन बैलगाडीसारखं चालतं.

ज्या घरात कॉम्प्युटर अभ्यास, अर्ज, हिशेब आणि व्हिडिओ एवढ्याच कामाला आहे, विंडोज अपडेट होत असतं आणि क्रॅकची सवय नाही, तिथे डिफेंडरवर काम भागतं. हे दुकानात सहसा सांगितलं जात नाही.

डिफेंडरमध्ये 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन' खाली 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' नावाची सोय आहे. ती मुळात बंद असते. चालू केली तर अनोळखी प्रोग्रॅमला आपल्या डॉक्युमेंट आणि फोटोंच्या फोल्डरमध्ये बदल करता येत नाही. कधीकधी एखादं चांगलं सॉफ्टवेअरही अडतं, मग त्याला परवानगी द्यावी लागते.

पुण्यातला अँटीव्हायरस

आपल्याकडे दुकानात सगळ्यात जास्त कानावर पडणारं नाव क्विक हीलचं. ही कंपनी पुण्याचीच. मूळचे सातारा जिल्ह्यातले कैलाश काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले, पुढे पुण्यात स्वतःचं दुरुस्तीचं दुकान टाकलं. धाकटे भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होते. दुरुस्तीला येणारी मशीन व्हायरसनेच बिघडलेली असायची, म्हणून त्यांनी व्हायरस काढायचे प्रोग्रॅम लिहायला घेतले. १९९० च्या दशकाच्या मध्याला त्यातून क्विक हील उभं राहिलं आणि २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. मुंबईचा ई-स्कॅन आणि चेन्नईचा के-सेव्हन हेही भारतीयच.

गाव जवळचं आहे म्हणून माल चांगलाच असेल असं धरून चालू नये, आणि परदेशी आहे म्हणूनही. अँटीव्हायरसची परीक्षा घेणाऱ्या स्वतंत्र संस्था आहेत. जर्मनीतली एव्ही-टेस्ट तीन गोष्टींना प्रत्येकी ६ गुण देते : संरक्षण, मशीनचा वेग आणि वापरातली सोय. एकूण १८ पैकी. ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज ही दुसरी. दोघींचे निकाल मोबाइलवर फुकट पाहता येतात. जुन्या, चार जीबी रॅमच्या मशीनवाल्याने वेगाचे गुण आधी पाहावेत. संरक्षण चांगलं पण मशीन अडकतं म्हणून पोरांनी अँटीव्हायरसच बंद करून ठेवला, तर घेऊन उपयोग काय?

विकत घेताना

पैसे देऊन घ्यायचाच असेल तर नुसतं 'अँटीव्हायरस' किंवा 'इंटरनेट सिक्युरिटी' बहुतेक घरांना पुरतं. 'टोटल सिक्युरिटी' मध्ये मुलांवर लक्ष ठेवायची सोय, मशीन साफ करायची साधनं असं बरंच असतं. त्यातलं काय वापरणार, हे आधी ठरवावं. नंतर दोन-तीन गोष्टी नीट पाहाव्यात.

खोक्याचं सील फुटलेलं नसावं. एक की एकाच मशीनची की तीन मशीनची, एक वर्षाची की तीन वर्षांची, हे खोक्यावर लिहिलेलं असतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नोंदणी आपल्याच मोबाइल नंबरवर आणि ईमेलवर करून घ्यावी. घाईत दुकानदार स्वतःचा नंबर टाकतो. सहा महिन्यांनी विंडोज नव्याने टाकायची वेळ आली की की परत चालू करायला त्याच नंबरची गरज पडते, आणि तोवर दुकानातला पोरगा काम सोडून गेलेला असतो. की कागदावर लिहून, बिलासह, सातबाऱ्याच्या फाइलमध्ये ठेवावी. ऑनलाइन घेतलं तर पुढच्या वर्षीचे पैसे आपोआप कापायची खूण लागलेली आहे का, तेही पाहावं.

फुकटच्या परदेशी अँटीव्हायरसमध्येही चांगले आहेत. पण फुकट देणारा कमावतो कशावर, हा प्रश्न उरतोच. अव्हास्ट या नावाजलेल्या कंपनीने आपल्या वापरकर्त्यांची ब्राउझिंगची माहिती विकल्यावरून अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२४ मध्ये तिला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. म्हणून इन्स्टॉल करताना 'नेक्स्ट, नेक्स्ट' न दाबता खुणा वाचाव्यात.

सरकारचीही एक फुकट सोय आहे. केंद्राच्या सर्ट-इन या यंत्रणेने फेब्रुवारी २०१७ मध्ये 'सायबर स्वच्छता केंद्र' सुरू केलं. तिथे भारतीय कंपन्यांनी बनवलेली, मशीन साफ करायची साधनं मिळतात. ती एकदा सफाई करण्यापुरती. रोजची राखण त्यांच्याकडून होत नाही.

अपडेटचं दुखणं

अँटीव्हायरस कोणताही असो, अपडेट नसेल तर तो गेल्या वर्षीच्या चोराचा फोटो घेऊन दारात उभा असतो. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाच्या रॅन्समवेअरने जगभरातली मशीन लॉक केली. त्याने ज्या फटीतून शिरकाव केला, ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी ते घेतलं नव्हतं, ते अडकले. पुढच्याच महिन्यात, २७ जूनच्या हल्ल्यात जेएनपीटी बंदरातलं एक कंटेनर टर्मिनल बंद पडलं. जुन्नरचा कांदा आणि द्राक्षं ज्या बंदरातून बाहेर जातात तेच हे बंदर.

आपल्याकडे अडचण नेटची. कॉम्प्युटर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतो, दिवसाचा डेटा दीड-दोन जीबी, म्हणून 'मीटर्ड कनेक्शन' ची खूण लावलेली असते. त्याने मोठी अपडेट अडतात आणि महिनोन्‌महिने काहीच होत नाही. व्हायरसच्या रोजच्या यादीचं अपडेट विंडोजच्या अपडेटच्या मानाने लहान असतं. ते आठवड्यातून एकदा तरी 'चेक फॉर अपडेट्स' दाबून हाताने घ्यावं. विंडोजचं मोठं अपडेट रात्री, उरलेल्या डेटावर किंवा वायफाय असलेल्या पाव्हण्याकडे.

विंडोज ७ ची अपडेट १४ जानेवारी २०२० लाच बंद झाली. ते मशीन असेल तर त्यावर बँकेचं काम करूच नये, वर कितीही भारी अँटीव्हायरस असला तरी. विंडोज १० ची नेहमीची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षेची अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देऊ केलेली आहेत. डिफेंडरची यादी मात्र विंडोज १० वरही ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहील, असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं आहे. वापरलेला लॅपटॉप घ्यायला जाणाऱ्याने म्हणूनच आधी विचारावं, यावर विंडोज ११ चालतं का? इंटेलच्या साधारण आठव्या पिढीच्या आधीच्या मशीनवर ते अधिकृतपणे चालत नाही. स्वस्तात मिळतात ती बहुतेक अशीच.

जिथे अँटीव्हायरस हात टेकतो

रॅन्समवेअरने फाइल लॉक केल्यावर अँटीव्हायरस व्हायरस काढतो, पण फाइल उघडून देईलच असं नाही. त्यावर उपाय एकच, दुसरी प्रत. महिन्यातून एकदा हिशेब आणि फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावेत आणि डिस्क काढून कपाटात ठेवावी. लावूनच ठेवली तर तीही लॉक होते.

दुसरं म्हणजे फसवणूक. वेबसाइट पाहता पाहता अचानक पूर्ण स्क्रीनवर 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा' असं येतं, भोंगा वाजतो. तो मायक्रोसॉफ्टचा नंबर नसतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर दिलेला नसतो. फोन लावला की समोरचा एनीडेस्कसारखं ॲप टाकायला सांगतो आणि मशीनचा ताबा घेतो. कंट्रोल, आल्ट, डिलीट एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा. तेही जमलं नाही तर बटण दाबून धरून मशीन बंद करावं, बिघडत काही नाही.

व्हॉट्सॲपवर पीएम किसानच्या किंवा गाडीच्या चलनाच्या नावाने येणाऱ्या एपीके फाइलचंही तसंच. ती मोबाइलला लागते, कॉम्प्युटरवरचा अँटीव्हायरस तिथे पोचतच नाही. ओटीपी स्वतःहून सांगितला तर कुठलंच सॉफ्टवेअर वाचवत नाही.

पैसे गेलेच तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. दिवस-रात्र चालू असते. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे पुढच्या खात्यात अडवायची शक्यता जास्त. त्याच वेळी बँकेला कळवून खातं आणि कार्ड थांबवावं, आणि तो पासवर्ड बिघडलेल्या मशीनवरून न बदलता दुसऱ्या फोनवरून बदलावा.