फटफटीचा आवाज



नव्या वस्तूला नांव देतांना लोक तिचा ठळक गुण पाहतात. आगगाडीचें नांव तिच्या विस्तवावरून पडलें. मोटारसायकलचें पडलें तिच्या आवाजावरून. ती झाली 'फटफटी'. जिचें नांवच आवाजावरून पडलें, तिचा आवाज वाढविण्याची हौस माणसाला व्हावी यांत नवल नाहीं. बीड जिल्ह्याच्या माजलगांव तालुक्यांतील दिंद्रुड या आमच्या गांवीं ही हौस मीं पाहिली आहे, आणि खरें सांगावयाचें तर स्वतः केलीहि आहे. तिचा थोडा इतिहास आज सांगणार आहें.

हा आवाज येतो कोठून तें प्रथम पाहूं. सिलिंडरांत पेट्रोलचा भडका उडतो, दट्ट्या खालीं ढकलला जातो, आणि मग उरलेला तप्त वायु बाहेर जाण्याचें दार उघडतें. त्या क्षणीं वायूचा दाब बाहेरच्या हवेहून पुष्कळ अधिक असतो. कोंडलेला वायु एकदम सुटला कीं हवेला धक्का बसतो. तोच आपल्या कानीं येतो. एका सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनांत दोन फेऱ्यांत एकच भडका होतो. इंजिन मिनिटाला १००० फेऱ्या घेत असेल तर भडके ५००, म्हणजे सेकंदाला आठ-नऊ. इतके सावकाश ठोके कानाला निरनिराळे ऐकूं येतात. बुलेटच्या 'डगडग' आवाजाचें मुख्य कारण हेंच.

या धक्क्याला आवर घालण्याचा विचार जवळजवळ मोटारीइतकाच जुना आहे. अमेरिकेंतील इंडियाना संस्थानांतल्या कोलंबस गांवीं मिल्टन व मार्शल रीव्हज या बंधूंनीं १८९७ सालीं इंजिनाच्या सायलेन्सरचें पेटंट घेतलें. हिरॅम पर्सी मॅक्झिम यानें १९०९ सालीं बंदुकीच्या सायलेन्सरचें पेटंट मिळविलें, आणि इंजिनांसाठींहि सायलेन्सर तयार केले. गंमत अशी, कीं याचे वडील मशीनगनचे जनक! युक्ति साधी आहे. वायूला एकदम मोकळें न सोडतां खोल्याखोल्यांतून व छिद्रांच्या नळ्यांतून फिरवावयाचें. तोंवर त्याचा आवेग ओसरतो.

आपल्याकडे १९५५ सालीं मद्रासेस एन्फील्ड इंडियाची स्थापना झाली आणि बुलेट देशांत तयार होऊं लागली. १९६० नंतर म्हैसूरची जावा आली, तिच्यामागून येझदी. एस्कॉर्ट्‌सची राजदूतहि गांवोगांवीं पोंचली. १९८५ सालीं यामाहा आरएक्स १०० आली. प्रत्येकीचा आवाज वेगळा. डोळे मिटून गाडी ओळखावी. मग हौशी लोकांनीं घरच्या घरीं उद्योग आरंभिला. कोणी नळीच्या टोकांतली पुंगळी काढी, कोणी सायलेन्सरला छिद्रें पाडी, कोणी करवतीनें नळीच आखूड करी.

मीं १९८० नंतरच्या दशकांत एक जुनी राजदूत घेतली होती. तिच्या पेट्रोलांत तेल मिसळावें लागे, त्यामुळें सायलेन्सरमध्यें काजळी धरे. पुंगळी काढून विस्तवांत भाजून साफ करणें हें सर्वांच्या अंगवळणीं पडलेलें काम होतें. एकदां साफ केलेली पुंगळी मीं परत बसविलीच नाहीं. गाडी गर्जूं लागली आणि माझी छाती फुगली. मास्तर येत आहेत हें मुलांना अर्ध्या मैलावरून कळूं लागलें. त्या दिवसांत एकहि खोडकर मुलगा मला सांपडला नाहीं! परंतु चढावर गाडीची ओढ कमी झाली होती, आणि पेट्रोल अधिक लागूं लागलें होतें.

असें कां व्हावें, याचें उत्तर मला पुढें वाचनांत मिळालें. टू-स्ट्रोक इंजिनांत ताजें मिश्रण आंत येण्याचें व धूर बाहेर जाण्याचें दार कांहीं काळ एकाच वेळीं उघडें असतें. ताजें पेट्रोलहि धुराबरोबर निसटूं पाहतें. पूर्व जर्मनींतील एमझेड कारखान्याच्या वाल्टर काडेन या अभियंत्यानें १९५० नंतरच्या दशकांत नळीला असा आकार दिला, कीं बाहेर गेलेली दाबाची लहर परत फिरून तें मिश्रण पुन्हां सिलिंडरांत लोटी. १९६१ सालापर्यंत अवघ्या १२५ सीसीच्या इंजिनांतून त्यानें २५ अश्वशक्ति काढली. त्याच वर्षीं त्याचा स्वार अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळाला व हें ज्ञान घेऊन सुझुकीकडे गेला. १९६२ सालीं ५० सीसीचें जागतिक अजिंक्यपद सुझुकीनें मिळविलें. माझ्या राजदूतची नळी इतकी कसबी नव्हती, पण नियम तोच. धुराची नळी हा इंजिनाचाच एक अवयव आहे. जें गुपित मिळविण्यासाठीं राष्ट्रांच्या सीमा ओलांडल्या गेल्या, त्यावर आम्ही अंगणांत बसून करवत चालवीत होतों!

आजच्या गाड्यांत तर ही चूक अधिकच महाग पडते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांच्या गाड्यांत धूर शुद्ध करणारें यंत्र आणि प्राणवायु मोजणारा सेन्सर त्याच मार्गांत बसविलेले असतात. कायदाहि कडक आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं दुरुस्ती झाली. आवाजाची मर्यादा मोडणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. महाराष्ट्रांत कित्येक शहरीं पोलिसांनीं जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवरून रोलर फिरविला आहे.

परंतु मीं पुंगळी परत बसविली ती दंडाच्या भयानें नव्हे. आमच्या भागांतले लोक दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात; मागें गांवांत म्हातारीं माणसें आणि लहान मुलें राहतात. अशाच एका रात्रीं मी माजलगांवाहून उशिरां परतलों. शेजारची आजी कंदील घेऊन दारांत उभी होती. ती रागावली नाहीं. एवढेंच म्हणाली, "मास्तर, गाडी तुमची हाय. पर लेकराचे मायबाप तोडीला गेलेत. रडून रडून आत्ता कुठं निजलं व्हतं." आंतून रडण्याचा आवाज येत होता. तिच्याच कंदिलाच्या उजेडांत मीं पुंगळी बसविली.

तें लेकरूं आज संसारी गृहस्थ आहे. त्याच्या दारीं बुलेट आहे, आणि तिची पुंगळी काढलेली आहे. ही हकीगत मीं त्याला अद्याप सांगितलेली नाहीं. आज तो हें भाषण ऐकत असावा, अशी माझी आशा आहे.