टायटल्समध्ये कोणाचं नाव? खैरानच्या वाळूवरून एक क्रीडापट आखताना

समजा, तुम्ही कुवेतमध्ये शिकताय. मित्रमैत्रिणी मिळून आठ-दहा जण आहात. शुक्रवार-शनिवार जोडून खैरानला एक शॅले भाड्याने घेतलाय. हातात दोन बरे फोन आणि एक ट्रायपॉड आहे, आणि डोक्यात एका विद्यार्थी खेळाडूची गोष्ट. फिल्म वीस मिनिटांची करायची आहे. पहिल्या बैठकीत कोणीतरी म्हणणारच, 'टायटल्स किनाऱ्यावर घेऊ. सगळे धावतायत, स्लो मोशन, मागे म्युझिक.'

कल्पना वाईट नाही. फक्त ती आली कुठून, हे एकदा बघून घेऊ. क्रीडापटाची पहिली दोन मिनिटं म्हणजे नुसती सजावट नसते. कोणाची गोष्ट सांगायची आणि कोणाला बाहेर ठेवायचं, हे बहुतेक वेळा तिथेच ठरून जातं.

पडदा उघडायच्या आधी

एके काळी अमेरिकेतल्या थिएटरांमध्ये नावं पडद्याच्या कापडावरच दाखवून टाकायचे. प्रेक्षक पॉपकॉर्न घेऊन जागा शोधत असायचे, आणि गोष्ट सुरू झाली की पडदा बाजूला सरायचा. १९५५ साली ओटो प्रेमिंजरच्या 'द मॅन विथ द गोल्डन आर्म'साठी सॉल बास या ग्राफिक डिझायनरने कापलेल्या कागदासारख्या आकृत्यांची टायटल्स केली. त्या रिळांसोबत प्रोजेक्शन करणाऱ्यांना सूचना गेली, की टायटल्स सुरू व्हायच्या आधी पडदा उघडा. नावं हा सिनेमाचाच भाग आहे, असा त्या सूचनेचा अर्थ होता.

आपल्याकडे सुरुवातीचं महत्त्व त्याच्या बरंच आधी कळलं होतं. १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. तुतारी फुंकणारी स्त्री हे तिचं बोधचिन्ह. ते पडद्यावर आलं की आता काय दर्जाचं बघायला मिळणार, हे प्रेक्षकांना समजायचं. कोल्हापूर हे गाव लक्षात ठेवा, थोड्या वेळाने तिथे परत जायचं आहे.

क्रीडापटाच्या टायटल्सची दोन प्रसिद्ध उदाहरणं एकमेकांच्या अगदी जवळ आली. १९८० च्या 'रेजिंग बुल'मध्ये मार्टिन स्कोर्सेसीने एक मुष्टियोद्धा रिंगमध्ये एकटाच, धुरकट उजेडात, संथपणे हात चालवताना दाखवला. सिनेमा कृष्णधवल आहे, पण नाव लाल अक्षरांत येतं आणि मागे मास्काग्नीच्या ऑपेरातलं संगीत वाजतं. समोर प्रतिस्पर्धी कोणीच नाही. हा माणूस स्वतःशीच लढणार आहे, हे एकही संवाद न होता आपल्याला कळतं.

दुसरं उदाहरण म्हणजे तुमचा किनारा. १९८१ च्या 'चॅरियट्स ऑफ फायर'मध्ये पांढऱ्या कपड्यांतले धावपटू पाण्याच्या कडेने धावतात आणि वर व्हँगेलिसचं संगीत असतं. गोष्टीत हे ठिकाण इंग्लंडच्या केंट परगण्यातलं आहे. चित्रीकरण मात्र स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या किनाऱ्यावर झालं. म्हणजे तो किनाराही दुसऱ्या किनाऱ्याच्या नावाने वावरत होता! आणि हा विद्यार्थ्यांचाच क्रीडापट आहे: केंब्रिजचा हॅरॉल्ड अब्राहम्स, एडिंबराचा एरिक लिडेल आणि १९२४ चं पॅरिस ऑलिंपिक.

त्या शॉटमध्ये धावणारे सगळे सारखे दिसतात. एकच पांढरा रंग, एकच लय. पुढे सिनेमा सांगतो की ते सारखे नव्हते. अब्राहम्स ज्यू होता आणि त्याला ते सतत जाणवून दिलं जायचं. त्याचा पैसे घेऊन शिकवणारा प्रशिक्षक सॅम मुसाबिनी हौशी खेळाडूंच्या जगाला खुपायचा. सुरुवातीच्या एकसारखेपणाला पुढच्या गोष्टीत तडे जातात, म्हणून ती टायटल्स काम करतात. नुसता शॉट उचलला तर हाती फक्त धावणं उरतं.

राजाराम कॉलेजचा एक विद्यार्थी

आता कोल्हापूर. विद्यार्थी खेळाडूची मराठी गोष्ट शोधायची तर मला खाशाबा जाधवांच्या पुढे दुसरं नाव सुचत नाही. जन्म १९२६, कराडजवळचं गोळेश्वर. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. शाळा कराडला, कॉलेज कोल्हापूरचं राजाराम. कॉलेजच्या क्रीडा स्पर्धेत हा बुटका मुलगा नाव द्यायला गेला तेव्हा क्रीडाशिक्षकांनी नकार दिला, आणि मग प्राचार्य बॅ. खर्डेकरांनी त्याला खेळू दिलं, असा किस्सा त्यांच्या चरित्रात हमखास येतो.

कोल्हापूर तेव्हा कुस्तीचीही राजधानी होती आणि सिनेमाचीही. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान १९१२ पासून उभं होतं. बाबूराव पेंटरांचा 'सैरंध्री' १९२० साली याच गावातून आला. आखाडा आणि कॅमेरा चालत जाण्याच्या अंतरावर होते, तरी खाशाबांची गोष्ट सिनेमापर्यंत यायला फार वर्षं लागली. नागराज मंजुळे यांनी त्यांच्यावरचा चित्रपट जाहीर केला तो आत्ता, २०२३ मध्ये.

१९४८ साली खाशाबा लंडन ऑलिंपिकला गेले. खर्चाचा मोठा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तिथे ते सहावे आले. आकडा छोटा वाटेल, पण त्यांच्या पायाखाली काय होतं ते बघा. तालमीतली माती ही नुसती माती नसते. चाळलेल्या लाल मातीत तेल, ताक, हळद, लिंबू मिसळून ती मऊ केलेली असते. पाय तिच्यात रुततो, पकड तिच्या भरवशावर बसते. लंडनला होती गादी, म्हणजे मॅट. आजही महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन वेगळे विभाग असतात, त्यावरून फरक किती असेल हे लक्षात येईल. मातीत वाढलेल्या मुलाने गादीवर, नव्या नियमांनी लढून सहावा क्रमांक काढला.

चार वर्षांनी हेलसिंकी. आता पैसे कुठून आणायचे? गावाने वर्गणी काढली. खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले, हे आज जवळपास प्रत्येक लेखात येतं. २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्य पदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढचं यायला १९९६ उजाडलं, लिअँडर पेसपर्यंत. सुवर्ण जिंकणाऱ्या जपानच्या शोहाची इशीईशी त्यांची लढत लांबली. त्यानंतर पुरेशी विश्रांती न देता त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं आणि त्यांच्या बाजूने हरकत घ्यायला भारताचा अधिकारी तिथे हजर नव्हता, असं सांगितलं जातं. दुसऱ्याच दिवशी हॉकीचं सुवर्ण आलं आणि देशाचं लक्ष तिकडे गेलं.

गावाचं लक्ष मात्र ढळलं नाही. शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. नंतर खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवली आणि त्या पैशातून खर्डेकरांचं घर सोडवलं, असं सांगतात. १९५५ मध्ये ते मुंबई पोलिसात सब-इन्स्पेक्टर झाले. १९८४ साली रस्ता अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

या गोष्टीची टायटल्स तुम्ही कशी कराल? पदकाचा क्लोज-अप घेणं सोपं आहे. मला मात्र वाटतं, इथला खरा ऐवज ७,००० रुपयांच्या त्या कागदावर आहे. एका पोराच्या तिकिटामागे किती जणांच्या सह्या होत्या, हे सांगायला टायटल्सइतकी योग्य जागा नाही. नाहीतरी टायटल्स म्हणजे नावांची यादीच ना!

किती बदललं तर चालतं?

इतिहास शिकवताना हा प्रश्न दर वेळी येतो. 'चॅरियट्स'मध्ये लिडेलला जहाजावर चढताना कळतं की शर्यतीची प्राथमिक फेरी रविवारी आहे. प्रत्यक्षात त्याला ते काही महिने आधीपासून माहीत होतं आणि त्याने ४०० मीटरची तयारी त्या हिशेबानेच केली होती. ट्रिनिटी कॉलेजच्या चौकातली शर्यत सिनेमात अब्राहम्स जिंकतो. खरा अब्राहम्स ती कधी धावलाच नाही.

माझ्या मते पहिला बदल समजण्यासारखा आहे, पण त्यात काहीतरी हरवतं. ऐन वेळी घेतलेला निर्णय पडद्यावर छान दिसतो. महिनोन्महिने विचार करून, कामाला लागून घेतलेला निर्णय जास्त अवघड असतो आणि विद्यार्थ्यांच्या आयुष्याला जास्त जवळचाही. खाशाबांच्या बाबतीत हीच काळजी घ्या. विश्रांती न मिळाल्याचा प्रसंग तुम्ही 'असं सांगतात' या सुरात दाखवू शकता, एखाद्या म्हाताऱ्या गावकऱ्याच्या तोंडून. निवेदकाच्या ठाम आवाजात तो आला, की प्रेक्षक त्याला नोंद समजतात.

खैरान स्वतः काय सांगतं

आता तुमच्या पायाखालची वाळू. कुवेत शहराच्या दक्षिणेला साधारण शंभर किलोमीटरवर, सौदी सीमेच्या बाजूला खैरान आहे. 'खैरान' हे 'खोर' या अरबी शब्दाचं अनेकवचन, म्हणजे खाड्या. कोकणातल्या माणसाला नकाशा न बघताही जागा कळेल. जवळच सबाह अल-अहमद सी सिटीसाठी वाळवंट खोदून समुद्राचं पाणी आत आणलंय. तुम्ही जिथे शूट कराल तिथला किनारा कदाचित माणसांनी खोदलेला असेल. आखातातली असली बांधकामं कोणाच्या श्रमावर उभी राहतात, हे तुम्ही रोज बघता. त्यातले काही जण शुक्रवारी सकाळी रिकाम्या प्लॉटवर क्रिकेट खेळताना दिसतात.

मुंबईशी या किनाऱ्याचं नातं तेलाच्या आधीचं आहे. कुवेतचे व्यापारी मोती घेऊन मुंबईला यायचे, आणि १९६१ पर्यंत इथे रुपया चालायचा. मोत्यासाठी बुडी मारणाऱ्यांच्या जगावर खालिद अल-सिद्दीक यांनी १९७२ मध्ये 'बस या बहर' हा कुवेतचा पहिला कथापट केला. तो क्रीडापट नाही, पण श्वास रोखून खाली जाणारं तरुण शरीर, वर होडीत थांबलेली माणसं आणि घरची उधारी हे सगळं त्यात आहे. किनाऱ्यावरचं शूट ठरवण्याआधी तो बघाच.

आणि खेळ? २१ जून १९८२, स्पेनमधलं व्हायादोलिद. विश्वचषकात कुवेत विरुद्ध फ्रान्स. प्रेक्षकांतून शिट्टी ऐकू आली, पंचांचीच समजून कुवेतचे खेळाडू थांबले आणि जिरेसने गोल केला. शेख फहाद अल-अहमद थेट मैदानात उतरले आणि पंचांनी गोल रद्द केला. फ्रान्सने शेवटी सामना ४-१ असा जिंकलाच. जगाने या प्रसंगावर भरपूर विनोद केले. मला त्यात खेळाडू जास्त दिसतात: पहिल्यांदाच विश्वचषकात आलेली, नियम पाळायची सवय असलेली मुलं, शिट्टी ऐकली म्हणून थांबलेली.

तर मग दोन मिनिटं

माझी सूचना अशी. काळ्या पडद्यावर फक्त शिट्टी. मग पायांचे तीन शॉट: लाल मातीत रुतणारे, गादीवर घसरणारे, खैरानच्या वाळूत भाजणारे. लाल माती तुमच्याकडे नसेल, तर गावाकडच्या भावंडाला जवळच्या तालमीत जाऊन, वस्तादांची परवानगी घेऊन फोनवर शूट करायला सांगा. तिन्ही शॉट जमिनीलगत, एकाच उंचीवरून घ्या म्हणजे जोडता येतील. चेहरा उशिरा दाखवा.

नावं येतील तेव्हा कलाकारांच्या आधी पैशांची यादी येऊ द्या, एखाद्या जुन्या वहीच्या पानासारखी: बूट कोणी घेतले, फी कोणी भरली, सरावाला कोण सोडायचं, कोणाचा ओव्हरटाइम त्यात गेला. तुमच्या पात्राची वही काल्पनिक असेल, पण ती लिहिण्यापूर्वी घरी बसून खऱ्या आकड्यांची चौकशी करा. आईबाबांनी पहिल्या वर्षी गावी किती पैसे पाठवले, तुमच्या क्लासला किती गेले, हे बहुतेकांनी कधी विचारलेलं नसतं.

शूट हिवाळ्यात, सूर्य उगवताना करा. उन्हाळ्यात पारा पन्नाशीला टेकतो आणि फोन तुमच्या आधी बंद पडतो. ड्रोन परवानगीशिवाय उडवू नका. शुक्रवारी प्लॉटवर खेळणाऱ्या काकांना चित्रित करायचं असेल तर आधी विचारा, नंतर दाखवा, आणि त्यांची नावं त्यांनी सांगितली तशीच लिहा. मिरवणुकीतल्या शंभरावर बैलगाड्या हाकणाऱ्यांची नावं आज कुठे सापडत नाहीत. तुमच्या फिल्ममध्ये तेवढं तरी व्हायला नको.