गोळी की वळण?

जॉर्ज ब्रॅडली हे अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यातले एक धनिक गृहस्थ. त्यांची लेक एमा सात वर्षांची असताना मेंदूज्वराने आजारी पडली आणि जन्माची अपंग झाली. अशा लेकराची नीट देखभाल होईल असे ठिकाण त्या मातापित्यांना कुठेच सापडेना. अखेर त्यांनी आपली मालमत्ताच अशा मुलांसाठी मृत्युपत्रात लिहून ठेवली, आणि १९३१ साली ईस्ट प्रॉव्हिडन्स येथे एमाच्या नावाने रुग्णालय उभे राहिले.

तेथेच, त्याच घराण्यातील डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनी १९३७ साली एक विलक्षण अनुभव नोंदवला. तपासणीनंतर डोके दुखणाऱ्या मुलांना त्यांनी बेन्झेड्रिन देऊन पाहिले होते. डोकेदुखी फारशी हटली नाही. पण दांडगी, चंचल मुले अभ्यासाला बसू लागली! मग तीस मुलांना आठवडाभर ते औषध दिले. चौदा जणांची शाळेतील प्रगती डोळ्यांत भरण्याजोगी होती.

दुसरी वाट १९६० च्या दशकात ओरेगन राज्यात जेराल्ड पॅटरसन यांनी शोधली. मूल आकांत करते, आई थकून माघार घेते. मुलाला हवे ते मिळते, आईला घटकाभर शांतता. दोघेही चुकीचाच धडा गिरवतात. (हे पाहायला ओरेगनला जायला नको, रविवारच्या मिस्सेत मागचे बाक पाहावे!) म्हणून त्यांनी शिकवले ते आई-वडिलांना: सूचना थोडक्यात द्या, चांगल्या वागण्याची तत्काळ दखल घ्या, मारू नका.

१९९९ साली एका मोठ्या अभ्यासाने या दोन्ही वाटा ताडून पाहिल्या. अतिचंचल अशी ५७९ मुले, चौदा महिने उपचार. मूळ लक्षणांवर काळजीपूर्वक दिलेले औषध नुसत्या वळणापेक्षा सरस ठरले. तरीही अधिक समाधानी होते ते वळणाचे उपचार घेतलेले पालक, मग सोबत औषध असो वा नसो.

हा पालकांचा अडाणीपणा म्हणावा काय? मला तसे वाटत नाही. गोळीने मूल शांत होते, पण आईच्या हाती काही उरत नाही. वळण लावताना तिचे आईपण तिला परत मिळते. मात्र गोळी देणाऱ्या आईला बोल लावणेही अन्यायाचे. त्याच अभ्यासात दोन्ही उपचार एकत्र घेणाऱ्या मुलांना औषध कमी मात्रेत पुरले. पुढे २०११ साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी पहिला उपचार म्हणून आई-वडिलांचेच प्रशिक्षण सुचवले.