मुंग्या आलेल्या पायांची गोष्ट

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

सत्यनारायणाच्या पूजेला आपण मांडी घालून बसतो. पाचवा अध्याय संपेपर्यंत पायांना मुंग्या येतात आणि आरतीला उठताना शेजाऱ्याचा खांदा धरावा लागतो. आपण पाय झटकतो, प्रसाद घेतो आणि विसरून जातो. 1966 साली जपानमधला एक अठरा वर्षांचा मुलगा मात्र विसरला नाही.

त्याचे नाव योशिआकी सातो. एका बौद्ध श्राद्धविधीसाठी तो गुडघे दुमडून, आपल्या वज्रासनासारखा, पाऊण तास बसला होता. पाय बधिर झाले. पोटऱ्या चोळताना त्याच्या लक्षात आले, की त्या टम्म फुगल्या आहेत आणि ही ठणक आपल्या ओळखीची आहे. वजने उचलल्यावर ती अशीच येई. मग त्याच्या मनात आले : रक्त अडल्यामुळे हे होत असेल, तर ते मुद्दाम थोडेसे अडवून हलकाच व्यायाम केला तर?

सायकलच्या ट्यूबा, दोऱ्या, पट्टे असे हाती येईल ते दंडाला आणि मांडीला बांधून तो स्वतःवर प्रयोग करू लागला. हा खेळ सोपा नव्हता. एकदा रक्ताची गुठळी फुप्फुसात अडकून त्याच्या जिवावर बेतले होते. पुढे 1973 मध्ये बर्फावरून घसरण्याच्या खेळात त्याचा घोटा मोडला, गुडघाही दुखावला. प्लॅस्टरमधला पाय काही आठवड्यांत वाळतो, हे आपण पाहिलेले असते. सातोने त्याच पायावर पट्टा बांधून, थोडा वेळ आवळून आणि लगेच सोडून, आपली पद्धत चालू ठेवली. पाय अपेक्षेप्रमाणे वाळला नाही. 1983 पासून तो इतरांनाही शिकवू लागला. या पद्धतीचे नाव ‘काअत्सु’. ‘का’ म्हणजे भर घालणे, ‘अत्सु’ म्हणजे दाब.

आता यात म्हाताऱ्या माणसांचा काय संबंध? योगायोग पाहा. जपानने ज्येष्ठांच्या सन्मानासाठी राष्ट्रीय सुटी जाहीर केली तीही 1966 सालीच. तेथे 1970 मध्ये पासष्टीपुढची माणसे शेकडा सात होती, आता ती जवळजवळ एकोणतीस आहेत. वय वाढते तसे स्नायू झिजतात. या झिजेला ‘सार्कोपेनिया’ हे नाव अमेरिकेतील आयर्विन रोझेनबर्ग यांनी 1980च्या दशकाच्या अखेरीस सुचवले. त्यातही आधी बारीक होतात ते झटपट जोर लावणारे तंतू. न्हाणीघरात पाय घसरला की तोल सावरायला नेमके तेच लागतात.

झीज भरून निघते का? निघते. 1990 मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धसेवा संस्थेतील 86 ते 96 वयाच्या दहा जणांना आठ आठवडे वजनांचा व्यायाम दिला, तेव्हा त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. पण त्यासाठी वजन चांगले जड लागते. गुडघे झिजलेल्या किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या माणसाने ते कसे उचलावे?

सातोचा पट्टा उपयोगी पडला तो इथे. 2000 साली जपानी शास्त्रज्ञांनी, त्यांत सातोही होता, 47 ते 67 वयाच्या 24 स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्यातून दोनदा, सोळा आठवडे दंडाचा व्यायाम. काहींनी जड वजन उचलले, काहींनी हलके, तर काहींनी हलकेच पण पट्टा बांधून. नुसते हलके वजन उचलणाऱ्यांपेक्षा पट्टेवाल्यांचा दंड अधिक भरला. वाढ जवळजवळ जड वजनवाल्यांइतकी होती. 2010 मध्ये तर साठीपुढच्या माणसांना मांडीला पट्टे बांधून रोज वीस मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, नुसते चालायला लावले. सहा आठवड्यांत त्यांच्या पायांची ताकद वाढलेली दिसली.

हे होते कसे? पट्टा रक्त पूर्ण तोडत नाही. आत येणारे कमी करतो आणि शिरांतून परत जाणारे अडवतो. प्राणवायू कमी पडला की संथ तंतू लवकर दमतात आणि एरवी जड ओझ्यालाच धावणारे जोरदार तंतू हलक्या कामालाही हाताशी घ्यावे लागतात. वजन हलके असते, पण स्नायूला श्रम मात्र खरे होतात.

म्हणून उद्या घरी पायाला दोरी आवळू नका! 2006 साली प्रसिद्ध झालेल्या जपानमधील एका पाहणीत सुमारे साडेबारा हजार लोकांची माहिती होती. दर शंभरांत तेरा जणांना त्वचेखाली रक्त साकळले. गुठळीसारखे गंभीर प्रकार हजारात एकाहूनही कमी होते. पण तिथे शिकलेला माणूस शेजारी उभा होता. 1896 मध्ये इटलीच्या रिव्हा-रोची यांनी रक्तदाब मोजायला हवेचा पट्टा वापरला, तसाच रुंद पट्टा आता फिजिओथेरपिस्ट बांधतात आणि ज्याच्या-त्याच्या अंगाप्रमाणे दाब मोजून ठरवतात. ज्यांना पूर्वी गुठळी झाली आहे, ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही किंवा पायांचा रक्तपुरवठाच कमी आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

म्हातारपणी ‘आता कशाला तो व्यायाम’ असे म्हणून आपण खुर्ची जवळ करतो. सातोच्या गोष्टीतून घ्यायचे ते एवढेच, की पेलवेल इतक्या हलक्या ओझ्यानेही स्नायू जागा होतो. पट्टा नसेना का; हात न टेकता खुर्चीवरून उठता येते का, हे आज एकदा पाहा. मात्र शेजारी कोणीतरी उभे असू द्या.