ख्रिस्तपुराणाची लिपी

‘साष्टी’ म्हटले की मुंबईकर वाचकास शहराच्या उत्तरेकडील बेट आठवते. प्रस्तुत टिपणाचा संबंध गोव्यातील त्याच नावाच्या प्रदेशाशी आहे. मडगाव व राचोल ही गावे त्यात मोडतात. थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) या इंग्रज जेझुइट पाद्र्याने आपल्या आयुष्याचा मोठा भाग या साष्टीत वेचला, आणि त्याचे ख्रिस्तपुराण १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा मराठी ग्रंथ रोमन लिपीत का निघावा? परकीय धर्मोपदेशकास नागरीचे अगत्य नव्हते, असे उत्तर सहज सुचते. परंतु उपलब्ध पुराव्याशी ते जुळत नाही.

स्टीफन्स विल्टशर परगण्यातला. लिस्बनहून निघून तो ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यास पोहोचला. येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांसारखी आहे, हे त्याने १५८३ साली आपल्या भावास लिहिलेल्या पत्रात नमूद केले. सर विल्यम जोन्स यांचे प्रसिद्ध विधान १७८६ चे आहे. त्याने रचलेले कोंकणीचे व्याकरण दियोगु रिबैरु याच्या पुरवणीसह १६४० साली छापले गेले. भाषेकडे इतक्या बारकाईने पाहणाऱ्यास तिच्या लिपीविषयी अनास्था असणे संभवनीय दिसत नाही.

याविषयी त्याची स्वतःची साक्ष उपलब्ध आहे. १६०८ साली रोम येथील जेझुइट संघप्रमुखास लिहिलेल्या पत्रात त्याने देशी भाषेतील ग्रंथ देशी लिपीतच छापले जावेत, अशी आपली अनेक वर्षांची इच्छा कळविली. मलबारात असे ग्रंथ निघाले होते. येथे मात्र जोडाक्षरांमुळे सुमारे सहाशे साचे लागतील, ही अडचण होती. ती संख्या दोनशेपर्यंत खाली आणता येईल, असे त्याचे म्हणणे. दुसरी अडचण वरिष्ठांच्या अनुमतीची. मुंबईच्या मराठी संशोधन मंडळाचे अ. का. प्रियोळकर यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय मुद्रणाच्या इतिहासात या पत्राची दखल घेतली आहे. आठ वर्षांनी पुराण निघाले ते रोमन लिपीत. अर्थात् खिळे मिळाले नाहीत.

याचे परिणाम ग्रंथाच्या पानोपानी दिसतात. ‘ण’ व ‘ळ’ दाखविण्यासाठी रोमन ‘एन’ व ‘एल’ ही अक्षरे दुहेरी योजली आहेत. तथापि ‘भासा’ या शब्दातील ‘स’ देखील दुहेरीच आहे, व त्याचे कारण अगदी निराळे: दोन स्वरांमधील एकेरी ‘एस’चा पोर्तुगीज उच्चार ‘झ’सारखा होतो. म्हणजे द्वित्त एकच, प्रयोजने दोन. ग्रंथ नागरीत उतरविणाऱ्यास प्रत्येक ठिकाणी निर्णय करावा लागतो.

लंडन येथील मार्सडेन संग्रहात या पुराणाची नागरी हस्तलिखित प्रत आहे. तीत पोर्तुगीज व लॅटिन धर्मसंज्ञांच्या जागी बहुधा संस्कृत शब्द आढळतात. जस्टिन अॅबट यांनी ही मूळ संहिता मानली. मात्र उत्तरकालीन लेखकानेही असे शब्द घातले असणे शक्य आहे. सबब प्रस्तुत अनुमान आम्ही त्या प्रतीवर आधारलेले नाही.

स्टीफन्सच्या मराठीप्रेमाचे गुणगान करताना त्या काळाचे दुसरे अंग विसरता कामा नये. १५६७ साली साष्टीतील देवळे पाडण्यात आली. १५८३ साली कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट मारले गेले, व त्यानंतर तेथील गावकरी पुढाऱ्यांस राज्यकर्त्यांनी ठार केले. नवख्रिस्ती समाजाची जुनी पुराणे गेली, आणि ती उणीव भरून काढण्यासाठी हे पुराण लिहिले गेले. ते सामान्यांस समजावे म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द टाळून ब्राह्मणांच्या बोलीतील सोपे शब्द ठिकठिकाणी मिसळल्याचे कर्त्याने प्रस्तावनेत सांगितले आहे. १६८४ साली तर पोर्तुगीज सत्तेने देशी भाषांच्या वापरावरच बंदीचा हुकूम काढला. हिरावलेल्या परंपरेचा छंद व तिची भाषा यांच्याच आधाराने हा ग्रंथ उभा राहिला, ही विसंगती त्याच्या मुळाशीच आहे.

१९०७ साली सालढाणा यांनी मंगळूर येथे काढलेली आवृत्तीही रोमनच होती. पुढे १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून नागरी आवृत्ती प्रसिद्ध केली. त्यायोगे ग्रंथ सर्वसामान्य मराठी वाचकाच्या हाती आला. आणि १६०८ च्या पत्रातील मागणीही, ३४८ वर्षांनी का होईना, पुरी झाली.