वैमानिक मार्गनिर्देशन
विमानाचे स्थान, दिशा, वेग व उड्डाणाचा काळ यांचा मेळ घालून ते इष्ट स्थळी सुरक्षितपणे नेण्याच्या तंत्रास वैमानिक मार्गनिर्देशन म्हणतात. विमानाला हवेत थांबून वाट शोधता येत नाही व इंधनही मर्यादित असते. त्यामुळे स्थानाविषयीचा प्रत्येक निर्णय उड्डाण चालू असतानाच घ्यावा लागतो.

भूचिन्हे : सर्वांत जुनी पद्धत जमिनीवरील खुणा नकाशाशी ताडून पाहण्याची होय. नद्या, लोहमार्ग, डोंगर व गावे या तिच्या खुणा. मात्र खूण इतरांहून वेगळी ओळखू येणारी असावी लागते. पूर्व विदर्भात ही अडचण विशेष जाणवते. भंडारा जिल्ह्यातील साकोली, सानगडी या भागात तलाव इतके आहेत, की एकट्या तलावावरून गाव ओळखणे धोक्याचे ठरते. पावसाळ्यात धानाच्या बांध्याही पाण्याने भरतात आणि उन्हाळ्यात लहान तलाव आटतात. म्हणून सानगडीसारखे स्थळ ओळखताना तलाव, किल्ला व रस्ते यांची परस्परांतील मांडणी पाहावी लागते. वैनगंगेचे पात्र व मुंबई-हावडा लोहमार्ग या अधिक भरवशाच्या खुणा होत.

गणिती पद्धत : खुणा दिसत नसतील, तर शेवटच्या निश्चित स्थानापासून दिशा, वेग व गेलेला वेळ यांवरून सध्याचे स्थान काढतात. होकायंत्र चुंबकीय उत्तर दाखवते. भौगोलिक उत्तरेशी असलेली त्याची तफावत पूर्व विदर्भात एक अंशाहून कमी आहे. पण विमानातील लोखंड व विद्युत् उपकरणे यांमुळे येणारी चूक वेगळी वजा करावी लागते. वाऱ्याचा परिणाम याहून मोठा असतो. नागपूर ते गोंदियाजवळील बिरसी हे सरळ अंतर सु. १३५ किमी. असून ताशी १८० किमी. वेगाने ते पाऊण तासात कापता येते. मार्गाला काटकोनात उत्तरेकडून ताशी ३० किमी. वारा असेल व त्याची दखल घेतली नाही, तर तेवढ्या वेळात विमान सु. २२ किमी. दक्षिणेस, म्हणजे सानगडीच्या बाजूस, सरकते. यासाठी विमानाचे नाक सु. १० अंश वाऱ्याकडे वळवून ठेवतात.

भारतातील वाटचाल : १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपाल आणले, तेव्हा विमानात रेडिओ नव्हता. भूचिन्हे, होकायंत्र व घड्याळ एवढाच आधार होता. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत, टपालाची अदलाबदल करीत व सकाळपर्यंत परत जात. अंधारात भूचिन्हांचा उपयोग फारसा नसल्याने अशा सेवेला रेडिओ संकेत व धावपट्टीवरील दिवे अपरिहार्य होते. एक विमान वाट चुकले वा उशिरा आले, तरी चारही शहरांचे टपाल खोळंबण्याची शक्यता असे.

रेडिओ साधनांनी स्थाननिश्चिती सुलभ केली, परंतु पडताळ्याची गरज संपविली नाही. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ विमान जिनीव्हाकडे उतरताना माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. अणुशास्त्रज्ञ होमी भाभा यांच्यासह त्यातील ११७ जण मृत्युमुखी पडले. दिशादर्शक रेडिओ ग्राहकांपैकी एक नादुरुस्त होता. रडार नियंत्रकाने सांगितलेल्या स्थानाचा अर्थ नीट न कळल्याने, पर्वत मागे पडला अशा समजुतीने विमान खाली आणले गेले, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला.

सद्यःस्थिती : उपग्रहांवरून स्थान काही मीटरपर्यंत अचूक कळते. भारतीय अंतराळ संशोधन संस्था व भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी विकसित केलेली ‘गगन’ प्रणाली ही अचूकता आणखी वाढवते. दुसऱ्या महायुद्धकाळातील बिरसी धावपट्टीवर आता वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. तरीही विद्यार्थी वैमानिकाला नकाशावर रेघ आखणे, वाऱ्याची दुरुस्ती काढणे व घड्याळ पाहून पुढील खुणेची वेळ आधी लिहून ठेवणे शिकावेच लागते. अपेक्षित वेळी अपेक्षित खूण दिसली नाही, तर काहीतरी चुकले आहे हे त्यावरूनच प्रथम कळते. यंत्र बिघडल्यास विमान परत आणण्याचे साधनही तेच असते.