जेट इंजिनाची लक्षणे आणि त्यांचे वाचन

कल्याणहून विठ्ठलवाडीमार्गे कर्जतकडे निघालेल्या आगगाडीचे इंजिन बिघडल्यास गाडी उभी करून ते तपासता येते. उडत्या विमानास ही सोय नाही. तेथे इंजिनाची प्रकृती ते चालू असतानाच, केवळ बाह्य लक्षणांवरून ओळखावी लागते. ही लक्षणे कोणी वाचावयाची, या प्रश्नाचे उत्तर कसे पालटत गेले, हे मुंबईच्या विमानवाहतुकीच्या इतिहासावरून दिसून येते.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलची मुंबई-लंडन सेवा सुरू झाली, ती दट्ट्याच्या इंजिनांवर चालणाऱ्या कॉन्स्टेलेशन विमानाने. १९६० मध्ये बोइंग ७०७ ही जेट विमाने आली आणि १९६२ मध्ये एअर इंडियाचा सर्व ताफा जेट विमानांचा झाला. ७०७ च्या चार कॉन्वे इंजिनांवर देखरेख करण्यासाठी वैमानिकांबरोबर उड्डाण-अभियंता असे. इंजिनाची फेरगती, बाहेर पडणाऱ्या वायूंचे तपमान, इंधनाचा खप, तेलाचा दाब व तपमान ही सारी त्याच्यासमोरील तबकड्यांवर उमटत.

यांपैकी कोणताही आकडा एकटा अर्थवाही नसतो. तेलाचा दाब उतरला व त्याच वेळी तपमान चढले, तर संकट खरे; एकच काटा हलला व इतर स्थिर राहिले, तर प्रथम शंका त्या मापकाचीच घ्यावी लागते. शिवाय तुलना कालाशीही करावी लागते. संपीडकाची पाती मळली वा झिजली, की तेवढ्याच जोरासाठी अधिक इंधन जळते आणि वायू अधिक तापतात. ही वाढ एका उड्डाणात लक्षात येत नाही. अनेक उड्डाणांच्या नोंदी शेजारी मांडल्या म्हणजे कळते. शब्दाचा अर्थ जसा इतर शब्दांशी असलेल्या भेदातून ठरतो, तसेच येथे घडते.

१९७८ मध्ये अमेरिकेत विमानातून भूमीवर आपोआप संदेश धाडणारी एकार्स यंत्रणा सुरू झाली. १९८६ मध्ये एअर इंडियात आलेल्या एअरबस ए-३१० विमानात उड्डाण-अभियंत्याचे आसनच उरले नव्हते. तबकड्यांवरील नजर संगणकाकडे गेली आणि नोंदींची तुलना भूमीवरील तज्ज्ञांकडे.

तथापि निर्णयाचा भार हलला, असे मात्र म्हणता येत नाही. ४ नोव्हेंबर २०१० रोजी सिंगापूरहून निघालेल्या क्वांटासच्या ए-३८० विमानात तेलवाहक नळीच्या सदोष घडणीमुळे आग लागून टर्बाइनाची चकती फुटली. पडद्यावर सूचनांची रीघ लागली. योगायोगाने त्या दिवशी कक्षात पाच वैमानिक होते. त्यांनाही त्या सूचनांचा प्राथमिक निपटारा करण्यास सुमारे ५० मिनिटे लागली. विमान सुखरूप उतरले व त्यातील ४६९ जण वाचले.

तात्पर्य, यंत्राने लक्षणे टिपण्याचे काम हाती घेतले, तरी अनेक लक्षणे एकाच वेळी उद्भवली असता त्यांतील प्रधान कोणते व गौण कोणते, हे ठरविणारा वाचक विमानात असावाच लागतो.